थोरली दात खाते

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या मोठ्या बहीण. लग्न केलं नाही, बत्तीस वर्षं एका प्रयोगशाळेत प्राण्यांचे पिंजरे धुतले. निवृत्तीच्या दिवशी माणसं घड्याळ घेऊन घरी येतात. वन्सं दोन पांढऱ्या उंदरांचा पिंजरा घेऊन आल्या.

"दोघी माद्या आहेत. ही थोरली, ही धाकटी. साहेबांकडे मागून घेतल्या," एवढंच म्हणाल्या आणि मागच्या खोलीत गेल्या.

स्वयंपाकघरात कपाटाखाली उंदरांसाठी सापळा, आणि मागच्या खोलीत उंदरांना उकडलेलं अंडं, असा आमचा संसार सुरू झाला. हे म्हणाले, "कुठल्या उंदराला काय द्यायचं ते पाटीवर लिहून ठेव बाई, नाहीतर घोटाळा व्हायचा." मी देवापुढे बसले तरी मनात तेच. एकाला मारायचं नि एकाला भरवायचं, यातलं पाप कुठलं आणि पुण्य कुठलं? वहीत दोन पानं लिहिली. उलगडा झाला नाही.

चार महिने मी त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. मग वन्संच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. बारा दिवस दवाखान्यात, आणि पुढे कधीच खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. पिंजरा तर जमिनीवरच.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "हे बघ, तुला जमलं तर राहतील. नाही जमलं तर पक्षीवाल्याला सांगून ठेवलंय, तो उंदीरही पाळतो, घेऊन जाईल. जबरदस्ती नाही." पिशवीची चेन लावता लावता त्या पुढे म्हणाल्या, "थोरली तुझ्या हातात दात खाते का, तेवढं मला रोज कळव."

पंधरा वर्षांत या बाईने माझ्याकडे पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता. मी देवाला शब्द दिला, यांचं एवढं एक करीन.

सगळं फोनवरून शिकले. गजांतून बोट घालायचं नाही, त्यांना ते खाऊच वाटतं. एकीला वेगळं काढायचं नाही, एकटी उंदरीण झुरते. आपली वापरलेली ओढणी आत टाकायची, म्हणजे वास ओळखीचा होतो. आणि पिंजरा एकदम सगळा धुवायचा नाही, अर्धा धुवायचा नि अर्धा त्यांच्या वासाचा ठेवायचा. हे मला सगळ्यात जड गेलं. अर्धा केर काढून झाडू ठेवणारी मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या डोळ्याशी लाल दिसलं. मी तशीच फोनकडे धावले.

"वन्सं, रक्त येतंय हो!"

"रक्त नाही गं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणीच लाल असतं. मन लागत नसलं की जास्त येतं." आणि लगोलग, "दात खाल्ले का थोरलीने?"

"नाही."

तेव्हा खरंच नव्हते खाल्ले. चौथ्या दिवशी खाल्ले. ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतली होती, जीव मुठीत धरून पाठीवरून एक बोट फिरवत होते, तर एकाएकी कटकट कटकट दात खायला लागली. आणि डोळे! असे वटारले की बाहेर येऊन पडतील. मी तिला तशीच पिंजऱ्यात ठेवली आणि हात धुवून देवापुढे बसले. एवढ्याशा जिवाला माझा एवढा राग? सापळ्याचं तिला कळलं की काय?

संध्याकाळी फोन आला. "दात खाल्ले?"

खरं सांगितलं असतं तर वन्संनी पक्षीवाल्याला बोलावलं असतं, दुसरं काय? "छे हो, अजिबात नाही," मी म्हटलं. जन्मात खोटं बोलले नसेन इतक्या गोड आवाजात म्हटलं. पलीकडून फक्त "बरं" आलं.

पुढचे सहा दिवस हेच. सकाळी थोरली मांडीवर दात खाणार, डोळे वटारणार. मी देवाला म्हणणार, हिचा राग शांत कर. आणि संध्याकाळी फोनवर, "नाही हो, मुळीच नाही." रोज वन्संचं "बरं" आणखी बारीक होत गेलं.

अकराव्या दिवशी दारात पक्षीवाला, हातात भोकं पाडलेला खोका. "बाईंचा फोन आला. म्हणाल्या, घेऊन जा, वहिनींकडे काही रमत नाहीत त्या."

मला काही समजेना. इतकं झाकून ठेवलं, तरी वन्संना कळलं कसं? पण आता हट्ट कुणासाठी धरायचा? थोरलीला उचललं. हातात आली न आली, तोच सुरू. कटकट कटकट.

"बघा," मी म्हटलं, "जाता जाता पण दात खातेय माझ्यावर."

तो वाकून बघतच राहिला. मग हसायला लागला. "अहो वहिनी, तुमच्यावर कसले दात खाते? मांजर मांडीवर घुरघुरतं ना, तसं आहे ते. उंदीर खूश झाला की दात खातो. फारच खूश झाला की डोळे पण असे करतो."

"खूश? डोळे वटारून?"

"आता त्यांना काय माहीत आपण वटारणं कशाला म्हणतो ते!"

मी एका हातात थोरली धरूनच फोन लावला. "वन्सं, खाते हो! सात दिवस झाले, रोज खाते!"

"मग रोज नाही नाही काय लावलं होतंस?"

"मला वाटलं, रागावते. तुम्ही त्यांना देऊन टाकाल म्हणून..."

"मूर्ख आहेस," वन्सं म्हणाल्या. आवाज ओला होता. "फोन तिच्या तोंडाशी धर."

धरला. पक्षीवाला खोका उलटा करून त्यावर बसला आणि कौतुकाने पाहत राहिला.

थोरली पुढच्या वर्षी गेली, तिच्यामागोमाग धाकटी. त्यानंतर या घरात बरेच उंदीर आले, पण दात खाणं म्हटलं की मला थोरलीच आठवते. सात दिवस मी देवाकडे तिचं सुखच काढून घ्यायला सांगत होते. त्याने ऐकलं नाही, हे बरं. पण मी भीतीने थरथरत असताना तिला त्या हातात सुख कसलं वाटत होतं, हे आजही कळत नाही. सापळा उचलून माळ्यावर टाकला, तोही नेमका का, ते वहीत लिहिता आलं नाही.

तेव्हापासून सगळ्यांच्याच बाबतीत शंका येते, आपण उलटाच अर्थ लावला नाही ना. वन्सं जेवताना एक अक्षर बोलत नाहीत. पंधरा वर्षं मी ती नाराजी धरून चालले होते. एकदा धीर करून विचारलं, "वन्सं, स्वयंपाक आवडत नाही का माझा?"

त्यांनी घास गिळला, माझ्याकडे पाहिलं. डोळे जरा मोठेच केले.

"मीठ बरोबर असतं की. त्यात बोलायचं काय?"

हे दोन्ही मी तसंच वहीत लिहून ठेवलंय: वाक्यही, आणि डोळेही.