ओर्फाबाईचा एकच डबा

मोंटानातल्या आमच्या खोऱ्यात मी चौऱ्याऐंशी हिवाळे काढले. मारामाऱ्या पोटभर पाहिल्या. पण बिडाच्या तव्यानं माणसाचं हाड मोडलेलं एकदाच पाहिलं. तवा ओर्फा स्कारचा, हाड हॉलिस ट्वाइटचं.

ओर्फाबाई विधवा. तिच्या स्वयंपाकघराला लागून कोठी, आणि कोठीत काडतुसं भरायचं टेबल. शिकारी लोक उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आणून देत. ती त्या घासायची, आकारात बसवायची, बुडाला ठिणगीची नवी टोपी, आत काट्यावर तोललेली बंदुकीची दारू, वर गोळी. शेवटी टोपीभोवती तांबड्या नेलपॉलिशचं बारीक कडं, ओल आत जाऊ नये म्हणून. स्वतःची नखं तिनं जन्मात रंगवली नाहीत. दुकानदार विचारायचा, “एवढ्या बाटल्या नेतेस बाई, पाय आहेत तरी किती तुला?”

तिचा नियम एकच. टेबलावर दारूचा डबा एका वेळी एक. उरलेली दारू त्याच डब्यात परत, झाकण घट्ट, डबा फडताळात, मग दुसरा. कारण तिचा नवरा डेलबर्ट. पिस्तुलाची दारू भसकन पेटते, रायफलची दमानं. डेलबर्टनं दोन्ही डबे उघडे ठेवले आणि उरलेली भलत्याच डब्यात ओतली. दुसऱ्या दिवशी रायफलचा बोल्ट, मागचा लोखंडी अडसर, उडाला तो त्याच्या डोळ्यातून आत शिरला. त्याचं डोकं ओर्फाबाईनं मांडीवर घेतलं. म्हणजे उरलं होतं तेवढं.

मी आणि हॉलिस एकाच वर्षी तिच्याकडे शिकायला गेलो. हॉलिस लाकडाच्या गिरणीत होता. खांदे बैलाचे, राग नाकावर. तिसऱ्याच दिवशी त्यानं दुसरा डबा टेबलावर ठेवला. बाईनं लाकडी हातोडी त्याच्या बोटांवर हाणली.

“एक!”

“आई गं! बोट मोडलंस, म्हातारे!”

“मोडलंच ना? उडालं तर नाही. उपकार मान, गाढवा!”

तो थुंकून निघून गेला. स्वतःचं सामान मागवलं आणि घरीच काडतुसं भरायला लागला. बाईनं भरलेल्या काडतुसांचा मागल्या वर्षीचा खोकाही त्याच्याकडे होताच.

नोव्हेंबरात एका दुपारी मी बाईच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो. तेवढ्यात दार लाथेनं उघडलं. हॉलिस! गाल फाटून दात दिसत होते. डावा हात शर्टात गुंडाळलेला, त्यातून रक्ताची धार. दोन बोटं गायब. उजव्या हातात कुऱ्हाड. मागं त्याच्या कळपातले पाच शिकारी.

“तुझ्या काडतुसानं फुटली माझी रायफल! नवऱ्याला खाल्लंस, आता आम्हाला खातेस?”

बाई पांढरी पडली. मला ठाऊक होतं, तिला मरणाची भीती नव्हती. भीती वेगळीच होती: आपल्याच हातून डेलबर्टची चूक झाली असेल तर? मागच्या पाचांच्या खिशातही तिचीच काडतुसं होती. एकानं तर ती खिशातून काढून बर्फात फेकायला सुरुवात केली.

हॉलिस कोठीत घुसला, बाई चुलीवरचा तवा उचलून त्याच्यामागं. कुऱ्हाडीचा पहिला घाव टेबलात रुतला. त्यानं ती उपसली आणि बाईच्या डोक्यावर उगारली. मी उठेपर्यंत तवा फिरलाही होता. हॉलिसच्या गळ्याजवळचं हाड कडकन वाजलं. कुऱ्हाड एकीकडे, हॉलिस दुसरीकडे.

बाई त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसली आणि रक्त थांबावं म्हणून एप्रनच्या बंदानं त्याचं डावं मनगट करकचून आवळलं.

“सोड! मारून टाकतेस का?”

“मारायचंच असतं तर तवा तुझ्या टाळक्यात घातला असता. पण तिथं हाडापलीकडं काही सापडलं नसतं.” मग माझ्याकडे वळली. “त्याची रायफल आण रे. हात लावताना जपून.”

बाहेर त्यांच्या गाडीत पडलेली रायफल मी आणली. नळीचं बूड केळ्याच्या सालीसारखं उलगडलं होतं. खालच्या काडतुसांच्या पेटीत अजून दोन होती, वाकडी झालेली, पण शाबूत. बाईनं चष्मा चढवला आणि बुडं बघितली. तांबडं कडं नव्हतं.

“पॉलिश खरवडलं असेल,” मागून कोणीतरी म्हणालं.

बाईनं एका काडतुसाची गोळी उपसली आणि आतली दारू पांढऱ्या बशीत ओतली. आम्ही सगळे बशीवर वाकलो. काळ्या बारीक काड्या, रायफलच्या. आणि त्यांत मिसळलेल्या काळ्या चपट्या चकत्या, पिस्तुलाच्या.

“पिस्तुलाची दारू मी डेलबर्टबरोबरच पुरली,” बाई म्हणाली. “या घरात परत आणली नाही. फडताळात आहेत ते सगळे डबे रायफलच्याच दारूचे.” आणि मटकन खाली बसली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जमिनीवरून हॉलिसचा आवाज आला, “दोन डबे होते गं माझ्या टेबलावर.”

बाहेर बर्फात वाकून तो शिकारी आपली काडतुसं एकेक वेचत होता.

वसंतात हॉलिस आला. गाल शिवलेला, खांदा एकीकडे झुकलेला. टेबलातली कुऱ्हाडीची खाच बुजवायला लाकूड आणलं होतं. बाईनं बुजवू दिली नाही. तो खुर्ची ओढून बसला. मी मुद्दाम, मस्करीनं, फडताळातून दोन डबे काढले.

“एक!” हॉलिस एवढ्या जोरात ओरडला की माझी कॉफी सांडली. आणि हातोडी, बरं का, यावेळी त्याच्या हातात होती. हे बघा, करंगळी अजून वाकडीच आहे माझी.