परक्या विमानाची चौकशी

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत मी कोणालाही सोडलेलं नाही. त्यामुळे पुण्याजवळ मांजरी गावातल्या आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना एक करडं, जाडजूड विमान लोहगावच्या हवाई तळाच्या दिशेनं खाली जाताना दिसलं, तेव्हा मी आधी त्याची शेपटी पाहिली. झेंडा आपला नव्हता. लगेच मोबाइलवर फोटो काढला.

दुसऱ्या देशाच्या लष्करी विमानाला आपल्या सरकारच्या परवानगीशिवाय आपल्या हद्दीत शिरता येत नाही, हे मी पेपरात वाचलं होतं. मार्ग ठरलेला, मुक्कामही ठरलेला. मग याला कोणी सोडलं? आत काय होतं? शेजाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, "अहो, आता ते आपल्याला विचारून येणार का?" माझं डोकंच फिरलं. फोटो जोडून मी सरळ सरकारकडे तक्रार धाडली.

मुलीची तेव्हा संरक्षण खात्यातल्या नोकरीसाठी निवड झाली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. हे मला माहीत होतं. पण त्याचा आणि माझ्या तक्रारीचा काय संबंध?

पडताळणीला आलेल्या हवालदारानं तिची कागदपत्रं पाहिली, चहा घेतला आणि मग खिशातून मोबाइल काढला. त्यात तेच विमान होतं.

"काका, हा फोटो तुमचाच ना?"

"माझाच. त्यांना परवानगी होती का, तेवढं सांगा."

"त्यांना हाय. दोन्ही देशांचा सराव चाललाय. तुम्हाला हाय का, फोटो काढायची?"

मग घरात दुर्बीण आहे का, परदेशात कोण असतं, गच्चीवर रोज जाता का, असं बरंच विचारून झालं. मी चिडून उत्तरं दिली. जाताना तो मुलीला म्हणाला, "वर कळवतो." काय कळवणार, ते बोलला नाही.

तो गेल्यावर मी खरंच घाबरलो. वाटलं, आता ही रडेल, नाहीतर मला फाडून खाईल. तिनं दार लावलं, खिडकीही लावली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, खरं सांगा. त्या विमानाची चौकशी करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मी हसलो. ती हसली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिली.