सोमवारी आलेलं ताट

"आज वार खयचो रे?"

ताट पुढे ओढण्याआधी काका हे विचारायचेच. मस्कतजवळच्या रुसैलला आमचा आठवडा रविवारी सुरू होतो, त्यामुळे वारांचा घोळ मेसमध्ये सगळ्यांचाच व्हायचा. काकांचा मात्र घोळ नव्हता, त्यांना खात्री करून घ्यायची असायची. सोमवार निघाला की सुरमईचा तुकडा माझ्या ताटात यायचा आणि ते डाळभातावर भागवायचे. त्यामुळे सोमवार मला फार आवडायचा, हे कबूल करतो.

काका वेंगुर्ल्याचे. रामेश्वराच्या वारी, म्हणजे सोमवारी, मासे खाणार नाही, असा शब्द त्यांनी घर सोडताना आईला दिला होता. सुक्या मेव्याच्या आमच्या गोदामात ते मालाची प्रत ठरवायचे. काजूचा गर मोडून तोंडात टाकला की देश सांगायचे. एखाद्या पोत्यापाशी जरा जास्त रेंगाळले, की आम्ही ओळखायचो, माल गिनी-बिसावचा आहे. पश्चिम आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर त्यांनी तरुणपणी काजूखरेदीचे दोन हंगाम काढले होते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, राहतात एकीकडे आणि असतात भलतीकडेच.

"थंय बेटां किती, ता सांगूक जमाचा नाय," ते म्हणायचे. "भरतीक एक आकडो, सुकतीक दुसरो."

त्यातल्या एका बेटावर ते काजू बघायला गेले आणि होडीचं इंजिन बिघडल्यामुळे चार दिवस अडकले. करायला काही नव्हतं. ओहोटीला बायका चिखलात शिंपले काढायला निघाल्या, तसे हेही पँट वर दुमडून त्यांच्यात शिरले. वेंगुर्ल्याच्या माणसाला तिसऱ्या काढायला कोणी शिकवायला नको. एक मुलगी त्यांच्या हाताकडे बघून खूप हसली. तिचं नाव त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ती दारात आली. हातात ताट, ताटात लालभडक पामतेलातला मासा. काकांनी बोटांवर वार मोजले आणि हात जोडले. खाणाखुणा करून 'आज नको, उद्या' असं सांगितलं. ती ताट घेऊन परत गेली. तासाभरात इंजिन दुरुस्त झालं आणि होडी सुटली.

भर समुद्रात होडीवाल्याने सांगितलं, "आमच्या बेटावर नवरा मुलगी निवडते. ती ताट आणते. त्याने खाल्लं, तर लग्न ठरलं."

"माका काय ठावक," काका दरवेळी इथे थांबायचे. "सोमवार होतो रे."

पुढच्या वर्षी कंपनीने तिथला कारभार गुंडाळला. काका मस्कतला आले आणि लग्नाचं राहूनच गेलं. आम्ही त्यांना 'बेटाचे जावई' म्हणायचो. ते हसायचे, म्हणून आम्हाला ते चालतंय असं वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

ते कायमचे गावी परतले, त्याला वर्ष झालं. त्यांचा व्हिसा संपला होता, मंगळवारचं विमान ठरलं होतं. आदल्या दिवशी दुपारी दापोलीच्या अस्लम आचाऱ्याने खास त्यांच्यासाठी अख्खं पापलेट तळलं. ताट समोर ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"चाचा, माफ करा. वार विसरलो मी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आज वार खयचो रे?"

"मंगळवार," मी म्हणालो.

"तुका खोटा बोलूक येणा नाय," असं म्हणून त्यांनी ताट पुढे ओढलं.

सावकाश खाल्लं. काटे एका कडेला नीट लावले. अस्लम ताट उचलायला आला, तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

"ऱ्हवांदे," म्हणाले. "तिका माझो होकार आज पोचलो."