चिमणीच्या रक्ताची तीन नावे

उल्हासनगरच्या महाविद्यालयात उभी हयात प्राणिशास्त्र शिकवलेले श्रीपाद गुळवे निवृत्तीनंतर शिरगावला राहत. ते पुन्हा प्रयोगशाळेची पायरी चढले, ते काचपट्ट्यांची एक पेटी वाचवण्यासाठी. मानवी रक्ताचे जुने नमुने नष्ट करावेत, असे महाविद्यालयाच्या समितीने फर्मावले होते आणि त्यात ही पेटीही सापडली होती.

त्यांची विद्यार्थिनी प्रतिभा आता विभागप्रमुख होती. ती म्हणाली, “सर, चिठ्ठीवर ‘प्रीकॉक्स’ लिहिलंय. जुन्या पुस्तकांत तो माणसाच्या मलेरियाचा परजीवी आहे.”

“आणि चिमणीच्या मलेरियाचाही. एकच नाव दोघांना वाटून दिलं शहाण्यांनी. अगं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लाव.”

तिने लावला. तांबड्या पेशी लांबट होत्या, प्रत्येकीत केंद्रक होते, माणसाच्या तांबड्या पेशीत ते नसते. “पाखराचंच रक्त,” ती हसली. “पण समिती चिठ्ठी बघते, सर.”

“समितीसाठी भिंग जरा मोठंच लागेल.”

त्या चिमण्या विठ्ठलवाडीच्या चाळींच्या वळचणीला राहणाऱ्या. त्यांच्या पंखाखालचा थेंब काचेवर पसरून रंगवायचा आणि अंजनीने सुबक अक्षरात चिठ्ठी लिहायची, असा शिरस्ता होता. प्रयोगशाळेतली ही सहायक पुढे त्यांची पत्नी झाली. हाताशी आलेल्या पहिल्या पुस्तकात परजीवीचे नाव ‘प्रोटिओसोमा’ होते, दुसऱ्यात ‘प्रीकॉक्स’, नव्या आवृत्तीत ‘रेलिक्टम’. जुनी चिठ्ठी काढायची नाही, तिच्यावरच नवी डकवायची, हा हट्ट श्रीपादरावांचाच. दमट हवेने वरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या आणि मधले नाव उघडे पडले. ज्ञानाचा इतिहास जपण्याची ही हौस आता त्यांच्याच अंगाशी आली होती.

“एकच नाव ठेवू या, सर, छापील चिठ्ठीवर. हाताने लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या काढाव्या लागतील. नाहीतर पेटी घरी न्या.”

घरी सूक्ष्मदर्शक नव्हता. तिथे त्या नुसत्या काचा ठरल्या असत्या. आणि अंजनी जाऊन आता तीन वर्षे झाली होती. तिचे अक्षर उरले होते ते या चिठ्ठ्यांवरच. त्यांना कोणाकडे तक्रार करावी हे कळेना. आयुष्यभर तक्रारी करूनही असली दाद मागायची जागा त्यांना कधी सापडली नव्हती.

चिठ्ठ्या काढायला शिपाई पुढे झाला. “राहू दे, मी करतो,” श्रीपादराव म्हणाले.

त्यांनी कापूस ओला केला आणि पहिल्या चिठ्ठीवर दाबून धरला. निळी शाई पसरू लागली. प्रतिभा छापील चिठ्ठ्या घेऊन शेजारी बसली, आणि सर काच कोरडी करून देण्याची वाट पाहू लागली.