झिजलेला आकडा

शिलाई मशीनला तेल घालताना त्याचा वास आला, की मला कॉलेजातली एनसीसीची रायफल आठवते. दुष्काळाचं वर्ष होतं. तेलगावजवळच्या आटलेल्या तलावाच्या भेगाळ तळात सतरंजीवर पालथं पडून आम्ही नेमबाजी करायचो. मोठ्या शिबिरासाठी एकच मुलगी निवडायची होती आणि सरावात माझा नेम सगळ्यांत चांगला होता.

निवडीच्या दिवशी माझी पहिली गोळी अगदी मधोमध लागली. रायफलीचा बोल्ट मागं ओढला, तर झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी नळीतच राहिली. शिकवायला आलेल्या हवालदारांनी पुढून गज घालून ती ढकलून काढली, आतली धूळ तेलाच्या चिंधीनं पुसली. पुढची पुंगळीही अडकली.

"पुंगळी धरून ओढणारा आकडा झिजलाय, पोरी," ते हळूच म्हणाले. "तुमच्या एनसीसीच्या सरांना मागंच सांगितलं हाय."

साखर कारखान्याच्या चेअरमनची पुतणी तोवर आपल्या गोळ्या झाडून उठली होती. तिची नवी रायफल तशीच पडून होती.

"सर, ती द्या ना," मी म्हणाले.

"वेळ संपली. हत्याराला कशापायी नावं ठेवती?" सर म्हणाले.

शिबिराला पुतणी गेली. आठवड्यानं हवालदारांनी सरांच्या कपाटात कधीचा पडून असलेला नवा आकडा त्याच रायफलीला बसवला. मी झाडलेल्या प्रत्येक गोळीची पुंगळी टणकन बाहेर पडली. निवडीच्या दिवशी नेमकी ती रायफल वाट्याला आली, याला मी तेव्हा माझं नशीब म्हटलं होतं. रायफली कुणाला कुठली द्यायची, हे सरच ठरवायचे, हे ध्यानात यायला मला फार वर्षं लागली.