जागा दाखवायची वेळ

प्रत्येक जागेची दाखवायची एक वेळ असते, हे मला धंद्यात पडल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं. धरणाकाठची जागा गणपतीच्या सुमारास दाखवायची, कारण तेव्हा पाणी बांधाला टेकलेलं असतं. मे महिन्यात तिथून पाणी बघायला दुर्बीण लागते. मार्गासनीकडं एका जागेशेजारी कोंबड्यांची शेड आहे. ती जागा वारा बघूनच दाखवायची. भोरला तहसील कचेरीच्या आसपास चहा पिणाऱ्या सगळ्या एजंटांना या वेळा पाठ आहेत, पंचांग उघडावं लागत नाही.

त्यांच्यात मी एकटी बाई, आणि वर परीक्षा पास झालेली. एजंटांना आता शिकवणी घेऊन परीक्षा द्यावी लागते. तिथं दोन गोष्टी आमच्या डोक्यात घातल्या. ज्याचं काम घेतलं त्याच्याशी इमान राखायचं, आणि जे कळल्यावर गिऱ्हाइकाचा बेत बदलेल ते झाकायचं नाही. दोन्ही एकदम कसं करायचं, हा प्रश्न परीक्षेत आला नाही. तो मला घरी आला.

माझी सासू, म्हणजे आमच्या आत्या, हिर्डोशीच्या पुढच्या एका वाडीतल्या. भावांनी वाटणीत त्यांना नाचणीचा एक माळ दिला होता. चढाचा, दगडाळ, पण समोर डोंगर असा की शहरातल्या माणसाचा हात आपोआप मोबाईलकडं जावा. आत्यांना तो विकायचा होता. भोरच्या घरात त्या टीव्हीसमोरच्या कॉटवर झोपतात आणि क्रिकेट संपेपर्यंत आमच्या ह्यांच्यासोबत जागतात. त्यांना मागच्या अंगणात स्वतःची खोली हवी होती. "आतनं कडी लागंल अशी," एवढीच अट. जन्मात पहिल्यांदा त्या स्वतःसाठी काही मागत होत्या. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या फोडणीवरची त्यांची नजर त्या कडीमागं गेली असती, तर मलाही ते हवंच होतं.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. पुण्याचं निवृत्त जोडपं. साहेबांच्या नावावर त्यांच्या गावी सातबारा होता, त्यामुळं शेतजमीन घ्यायला आडकाठी नव्हती. दोघांना तिथं घर बांधून कायमचं राहायचं होतं. साहेबांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय आणि आता त्यांना स्वच्छ हवा हवीय, असं मॅडमनी फोनवर सांगितलं.

तिथंच मला ठेच लागली. त्या वाडीला जायला ओढ्यावर एक फरशी आहे, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. थंडीत तिच्यावर पोरं सायकली धुतात. आषाढात ती पाण्याखाली जाते आणि वाडी पलीकडं अडकते, कधी एक दिवस, कधी चार. तेवढ्यात कुणाच्या छातीत कळ आली, तर समोरचा डोंगर बघत बसायचं.

हे आधी सांगावं लागेल, असं मी आत्यांना म्हणाले. त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"तू सून माजी का त्यांची?"

सून तुमचीच, पण कायदा असा आहे, वगैरे मी सुरू केलं. कायद्याला म्हणावं कडी तू बसवून दे, असं म्हणून त्यांनी लाटणं उचललं. शेवटी तह झाला. गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप राहायचं. मी मान डोलावली, पण मनात ठरवलं की त्यांना विचारायलाच लावायचं. नाहीच विचारलं, तर ते गाडीत बसायच्या आत मीच सांगून मोकळी होणार होते.

मार्गशीर्षातली सकाळ होती. पुढं स्कूटीवर मी आणि आत्या, मागं त्यांची गाडी. फरशीवर मी मुद्दाम स्कूटी थांबवली. काठच्या उंबराच्या फांद्यांना, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, पुरात वाहून आलेलं गवत वाळून लटकत होतं. कुठवर अडकलंय बघा, असं मी म्हणाले. मॅडमना वाटलं घरटं. त्यांनी फोटो काढला.

इथला पाऊस म्हणजे काही विचारू नका, असं मी म्हणाले, आणि त्यांनी खरंच काही विचारलं नाही. उलट, मग पाण्याची चिंता नाही म्हणून साहेब खूश झाले. पुढं त्यांनी पूर्व कुठं, रेंज किती, बिबट्या येतो का, हे सगळं विचारलं. वाडीतले लोक आषाढाआधी किराणा भरून ठेवतात, असंही मी सुचवून बघितलं, तर मॅडमना त्यांची आजी आठवली. मागून आत्या माझ्याकडं असे डोळे वटारत होत्या की पाठ भाजत होती. एवढ्या शिकलेल्या माणसांना एक साधा प्रश्न सुचू नये, याचा मला खरोखर राग आला.

माळावर बसून आत्यांनी फडकं सोडलं. नाचणीची भाकरी, खर्डा, कांदा. साहेबांनी हवा ओढून घेत जागा आवडल्याचं सांगितलं. आता सांगायलाच हवं, म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडमनी जागेचं सोडून आत्यांना भलतंच विचारलं. तुमची आई बरीच वर्षं होती का, असं.

आत्या भाकरीचा तुकडा हातात धरून बसल्या.

"आई आखाडात गेली. सांगावा आला तशी म्या भोरवरनं यष्टीनं निघाले. फरशीवरनं पानी चाललं व्हतं. मी अल्याड, भाऊ पल्याड. पानी काय उतरंना. किती येळ थांबणार ते? उरकलं त्यांनी. म्या अल्याडनं नुसता धूर बगितला."

मॅडमनी त्यांचा हात धरला. साहेब खाली ओढ्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, पावसाळ्यात हा रस्ता बंद होतो का? अखेर प्रश्न आला. तहाप्रमाणं मी सगळं सांगितलं, एकही दिवस कमी न करता. त्यांनी भाकरी पूर्ण खाल्ली, आत्यांच्या पाया पडले आणि कळवतो म्हणाले. आमच्या धंद्यात कळवतो म्हणजे नाही.

त्यांची गाडी गेल्यावर मी स्कूटीवर आत्यांना घेऊन निघाले. फरशीपाशी त्यांनी खांद्यावर थाप मारून थांबवलं, उतरल्या आणि घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. त्यांची खोली गेली होती आणि ती त्यांच्याच तोंडानं गेली होती.

"माजी एजंट ना तू?"

"व्हय."

"मग माज्या तोंडावर हात का न्हाई ठिवलास?"

मी स्कूटी स्टँडवर लावली.

"हात डोळ्याला लावला होता, आत्या," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग वाकून ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि पदरानं पुसलं.

"फुडचं गिऱ्हाईक आखाडात आन," त्या म्हणाल्या. "पोचलं, तर त्येला दिऊ."

आणि पदर खोचून मागं बसल्या.