पाच वॅटची भानगड

सोसायटीचं म्हणणं होतं, माझा नवरा हेर आहे.

माझा संशय वेगळा होता. मला वाटायचं, कुणीतरी बाई आहे.

आज ह्यांना जाऊन एक वर्ष झालं.

दत्तात्रय. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. आम्ही मूळचे परभणीकडचे, दिघीत फ्लॅट घेतला. माणूस अबोल. इतका, की लग्नानंतर मला वाटलं, ह्यांना मी आवडलेच नाही.

आणि हा माणूस अचानक गच्चीवर जाऊन बोलायला लागला.

शिफ्टवरून यायचे, मोबाईलमध्ये काहीतरी बघायचे, "दहा मिनिटांत आलो" म्हणून वर. खाली यायचे ते हसत.

घरात न हसणारा माणूस गच्चीवरून हसत येतो, म्हणजे काय समजायचं?

एकदा वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने मी जिन्यात थांबले. वरून खरखर आली, आणि त्या खरखरीत एका बाईचा आवाज. गोड. ह्यांचं नाव घेत होती.

मी कपडे घेऊन खाली आले. संशय बोलून दाखवला की समोरचा सावध होतो.

पण बघणारी मी एकटी नव्हते. समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. हे गच्चीवर उभे, हातात माशाच्या काट्यासारखं काहीतरी, आकाशाकडे रोखलेलं. खाली ओळ: "मिलिटरीची हद्द एवढी जवळ. हे काय चाललंय?"

संध्याकाळी दोन पोलीस दारात.

ह्यांनी शांतपणे लायसन्स दाखवलं. हॅम रेडिओचं, सरकारी. हातातल्या छोट्या सेटवरून, डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला आवाज पाठवायचा, तो खाली दुसऱ्या गावातल्या माणसाला ऐकू येतो. तो काटा म्हणजे अँटेना. स्टीलच्या मेजरटेपचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवून घरीच केलेला.

"पावर किती?" हवालदारांनी विचारलं.

"पाच वॅट साहेब. देवघरातला बल्ब तेवढाच आहे."

पोलीस चहा पिऊन गेले. चेअरमनचा संशय काही गेला नाही. "लायसन्स काय राव, कुणीपण आणतंय." गच्चीला कुलूप लागलं.

माझाही गेला नाही. उपग्रह असेल हो. पण बाई कोण?

मग हे रविवारी संध्याकाळी पिशवी घेऊन बाइकवर निघायला लागले.

"कुठं?"

"मोकळ्यावर."

बस, एवढंच.

एका रविवारी मी रिक्षा केली. "भाऊ, त्या बाइकच्या मागे घ्या. पण लई जवळ नका जाऊ." रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलं. आणि रिक्षा काढली.

मोशीच्या पुढे एका रिकाम्या प्लॉटवर बाइक थांबली.

हे एकटेच. एका हातात काटा, दुसऱ्यात सेट. मनगट वळवत हळूहळू गोल फिरत होते. उपग्रह क्षितिजावरून चढतो, उतरतो, त्याच्यामागे अँटेना फिरवावा लागतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, कुणीतरी करणी केलीय.

आणि आवाज आला. तीच.

मी तरातरा पुढे गेले. "कोण आहे ही?"

ह्यांनी बटण सोडलं. "नागपूरच्या मॅडम आहेत. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, बाहेर पडता येत नाही. गॅलरीतून बोलतात."

"द्या इकडं. मी बोलते."

"अगं, तुला नाही बोलता येणार. लायसन्स लागतं."

"कामून? माझ्या नवऱ्याशी कोण बोलतंय हे विचारायला मला सरकारची परवानगी?"

हे हसले. माझ्यासमोर, पहिल्यांदाच असे मोकळे.

"मग काढ की लायसन्स."

काढलं. रागाने काढलं.

अभ्यास ह्यांनीच घेतला. आधी नुसतं ऐकायचं, म्हणाले. बोलायची घाई नको. आपला आवाज वर पोचत नसेल तर ओरडून उपयोग नाही, अँटेना वळव. एका वेळी एकानेच बोलायचं, वाट एकच असते. कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं सरकारी नाव, मग गाव, झालं. पुढच्याला जागा द्यायची.

मनात आलं, एवढंच बोलायचं तर हसता कशाला?

माझ्या लायसन्सच्या चौकशीला पुन्हा पोलीस आले. चेअरमन खिडकीत उभे.

लायसन्स आलं तेव्हा हे गावी निघाले होते, सासूबाईंना बघायला. जाताना म्हणाले, "संध्याकाळी ऐक."

ह्यांनी मागे ठेवलेला दुसरा सेट आणि काटा घेऊन मी मोशीला गेले. खरखर. मग वरून ह्यांचा आवाज. माझं कॉलसाइन एकेक अक्षर सुटं करून, अगदी गंभीरपणे घेत होते. मी उत्तर दिलं. गाव सांगितलं. झालं.

परतताना रिक्षावाला म्हणाला, "काय ताई, लॉटरी लागली का?"

गेल्या वर्षी सकाळच्या शिफ्टला गेले, ते कंपनीतूनच थेट हॉस्पिटलला. छातीत दुखलं. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

नागपूरच्या मॅडम फोनवर माझ्याइतक्याच रडल्या. मला राग आला नाही.

तेव्हापासून सेट कपाटात होता. आज संध्याकाळी काढला. एकटीच जाऊन उभी राहिले, कॉलसाइन दिलं.

दक्षिणेकडच्या कुणा अनोळखी माणसाने ते ओळखलं. "आपके दत्ता जी बहुत दिन से सुनाई नहीं दिए. कैसे हैं?"

मी बटण दाबलं. "वो नहीं रहे." एवढं तोंडातून निघायला वेळ लागला. बटण सोडलं तर नुसती खरखर. उपग्रह क्षितिजाखाली गेला होता.

त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

म्हणून इथे लिहितेय. दत्तात्रय गेले. ज्यांनी ज्यांनी त्यांना हाक मारली होती, त्यांना कळावं.

अहो, निवांत राहा. इथलं मी बघते.

तुमची, सुनीता